चिन्मयच्या फॉरेस्ट्रीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर विषय अर्धा राहिला म्हणून लिहिते. बाबा, चिन्मयने फॉरेस्ट्री (वनशास्त्राची पदवी) घ्यावी की साधी बीएस्सी, हे तुम्ही विचारलंत. खरा प्रश्न ‘वनखात्यात लागेल का’ हाच ना? पण खाकीसाठी फॉरेस्ट्रीचीच पदवी लागते असं नाही. आयएफएसला, म्हणजे भारतीय वनसेवेच्या परीक्षेला, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, गणितवाला, शेतकीवाला, इंजिनिअरही बसतो. एमपीएससीतून वनक्षेत्रपाल व्हायलाही फॉरेस्ट्रीची अट नाही. म्हणून वर्दीसाठी ही पदवी घेऊ नये. झाडं मोजायला, रोपं वाढवायला आवडत असेल तर जरूर घ्यावी.

बारावी सायन्स, सीईटी, मग चार वर्षं. आपल्याकडे दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांत हा कोर्स आहे. पुढे एमएस्सीला डेहराडूनची वन संशोधन संस्था, १९०६ पासूनची. वन्यजीव हवे असतील तर तिथलीच भारतीय वन्यजीव संस्था.

कोर्समधलं अर्धं काम मोजणीचं असतं, हे मुलांना आधी कोणी सांगत नाही. त्याला बांधावरचा साग मोजायला लावा. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा, उतारावर असेल तर चढाच्या बाजूने मोजून. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप नको, जुनी कापडी टेप ताणलेली असते. वेल, शेवाळ बाजूला करायचं आणि टेप तिरकी जाऊ द्यायची नाही, तिरकी गेली की घेर फुगतो.

मग लाकडाचा हिशोब. ५ मीटरचा ओंडका, मधला घेर १२० सेंमी. वखारवाला घेराची चौथाई धरतो: ०.३० × ०.३० × ५ = ०.४५ घनमीटर, म्हणजे साधारण १६ घनफूट. गोल ओंडका मानून काढलं तर ०.५७ येतं, २० घनफूट. साल आणि चिराईत जाणारं लाकूड यांची सूट म्हणून हा फरक सोडतात. बाबा, तुम्ही आयुष्यभर याला लबाडी म्हणालात. ती पद्धत आहे, पण चौथाई लावल्यावर कोणी सालीची वेगळी वजावट मागितली तर ती मात्र लबाडीच!

दुसरी परीक्षा सागाच्या जडीची, म्हणजे लागवडीसाठी छाटलेल्या रोपाच्या मुळीची. वर्षाचं, बोटाएवढं जाड रोप उपटायचं, खोड २-३ सेंमी आणि मुळी १५-२० सेंमी ठेवून बाकी छाटायचं. कोयता धारदार हवा, बोथट असला की साल चिरते आणि तिथून कूज शिरते. पाऊस लागला की पहारीने भोक पाडून जडी उभी सोडायची, खोडाचा तुकडा जमिनीबरोबर. बहुतेक जड्या मरतात त्या भोकाच्या तळाशी पोकळी राहिल्यामुळे. वरून माती पक्की दिसते, पण खाली मुळीला ती चिकटलेलीच नसते. म्हणून पहार शेजारी खुपसून माती आत ढकलायची. अशा वीस जड्या कंटाळा न करता लावल्या तर पोरगा टिकेल.

तरीही आयएफएस करायचंच असेल तर पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच. मुख्य परीक्षेला दोन ऐच्छिक विषय, त्यांत शेतकी आणि फॉरेस्ट्री एकत्र चालत नाहीत. फॉरेस्ट्रीबरोबर वनस्पतिशास्त्र घेतलं तर बराच अभ्यास सामाईक होतो. शिवाय ४ तासांत २५ किलोमीटर चालण्याची चाचणी, मुलींना १४. शेवटच्या महिन्यात सुरू केलं की पायाला फोड येतात, तेव्हा रोजची सवय आत्तापासून.

खात्याबाहेर रोपवाटिका, कागद कारखान्यांची लागवड, उपग्रह-नकाशांवरून जंगल मोजणं ही कामं आहेत. नकाशांचं सॉफ्टवेअर त्याने दुसऱ्या वर्षापासूनच शिकावं.

आई, तुझी जळवांची भीती रास्त आहे. पँट मोज्यांत खोचायची, मोजे जाड विणीचे. चिकटलीच तर ओढायची नाही, नखाने तोंडाकडून सरकवायची. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेमुळे ते गोठत नाही. दाबून धरायचं, घाबरायचं नाही. सीईटीच्या अर्जाआधी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरची तारीख ताईला बघायला सांग.

तुमची,
नीलू