वेस्टर्न ऐकायचेही असतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी पश्चिमेतल्या काउबॉय-बंदूकधाऱ्यांच्या, चित्रपटांवरचा लेख आवडला. दिग्दर्शक जॉन फोर्ड, मॉन्युमेंट व्हॅली, गॅरी कूपरची चाल, क्लिंट ईस्टवुडचा पोंचो, सगळं जागच्या जागी होतं. फक्त पानभर मजकुरात एकाही आवाजाचा उल्लेख नव्हता, आणि माझ्या मते हे चित्रपट वर्षानुवर्षं मनात राहतात ते त्यांच्या आवाजांमुळे.

आमच्या पिढीने हे सिनेमे मॅटिनीला पाहिले. पडद्यावर सबटायटल्स नसायची आणि तो अमेरिकी हेल निम्माशिम्मा डोक्यावरून जायचा. संवाद कळत नसले की कान आपोआप बाकीच्या गोष्टींकडे वळतात. बुटाखाली वाजणारी लाकडी फळी, टाचेवरच्या चक्रीची किणकिण, दारूच्या गुत्त्याची झुलती दारं. कुणाचं कुणाशी वैर आहे ते मध्यंतरानंतर कळायचं, पण आता काहीतरी घडणार हे मात्र आधीच कळलेलं असायचं.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) घ्या. सुरुवातीला तीन बंदूकधारी एका ओसाड स्टेशनवर गाडीची वाट पाहतात. दहाएक मिनिटं संवाद जवळपास नाहीत आणि एन्निओ मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असून संगीतही नाही. तेल न घातलेली पवनचक्की कुरकुरते आहे. एकाच्या टोपीवर वरून पाण्याचे थेंब टपटपताहेत, दुसरा बोटं मोडतोय. तिसऱ्याच्या तोंडावर माशी घोंगावते. तारयंत्राची कटकट असह्य होऊन हा गडी त्याची तारच उपटतो, आणि पुढे ती माशी पिस्तुलाच्या नळीत कोंडून तिची गुणगुण कानाला लावून ऐकत बसतो! माझ्या पुतण्याने हा प्रसंग दीडपट वेगाने पाहिला आणि म्हणाला, ‘काका, यात काही घडतच नाही.’ काय बोलणार?

यामागे एक व्यावहारिक कारणही होतं. इटलीत तेव्हा चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वापरण्याची पद्धत नव्हती. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि सगळं नंतर डब व्हायचं. म्हणजे पडद्यावर ऐकू येणारी प्रत्येक कुरकुर कुणीतरी विचार करून तिथे आणून ठेवलेली आहे. उलट मोरिकोनेचं संगीत या चित्रपटासाठी आधीच तयार होतं आणि लिओने ते सेटवर वाजवून नटांकडून काम करून घ्यायचा. चार्ल्स ब्रॉन्सनचा नायक तर बोलण्याऐवजी हार्मोनिकाच वाजवतो, आणि का वाजवतो ते अगदी शेवटी उलगडतं.

याच चित्रपटात एका कुटुंबाची हत्या होते. मेजवानीची टेबलं मांडलेली, आसपास झाडीतल्या किड्यांची किरकिर. ती एकदम थांबते. बाप मान वर करून कानोसा घेतो. बंदूक अजून दिसलेलीही नसते, तरी आपल्या पोटात गोळा येतो. ‘शोले’तला (१९७५) ठाकूरच्या कुटुंबावरचा हल्ला यावरूनच बेतलेला आहे हे जगजाहीर आहे. पण तिथे झोपाळ्याची करकर आली, आणि वाडा, अंगण, झोपाळा ओळखणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला ती जास्त झोंबली. जयच्या हातातली हार्मोनिकाही त्याच वाटेने आली असावी. नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी दोन्ही प्रसंग एकापाठोपाठ ऐकून पाहावेत.

‘हाय नून’बद्दल (१९५२) लेखात बरंच होतं, मॅकार्थीकाळातलं, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट शोधून काढायची मोहीम चालू होती तेव्हाचं, राजकारणही होतं. संगीतकार दिमित्री टिओमकिन मात्र नव्हता. या चित्रपटाला मिळालेल्या चार ऑस्करांपैकी दोन त्याच्या कामाची आहेत, एक पार्श्वसंगीताचं आणि एक गाण्याचं. खलनायक बाराच्या गाडीने येणार असतो. बारा वाजत येतात तेव्हा मार्शल आपलं मृत्युपत्र लिहीत असतो. लंबक, रिकामा रस्ता, चर्चमधले चेहरे, स्टेशनवर थांबलेले तिघे अशी दृश्यं संगीताच्या ठोक्यावर बदलत जातात आणि एका क्षणी गाडीची शिट्टी वाजते. इतका वेळ ज्याची वाट पाहिली तो खलनायक आपल्याला आधी ऐकू येतो.

‘शेन’ (१९५३) मला थोडा गोड वाटतो. तरीही त्यात गोळ्या फार कमी सुटतात आणि दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सने त्यांचा आवाज मुद्दाम वाढवला होता. त्यामुळे चिखलात एक शेतकरी मारला जातो तेव्हा माणूस मेला असं खरंच वाटतं. अलीकडच्या चित्रपटांत मिनिटाला शंभर गोळ्या सुटतात, त्यातली एकही आठवत नाही.

याच कानांनी ऐकलं की या चित्रपटांतला अन्यायही लपत नाही. मूळ रहिवाशांच्या वाट्याला बहुतेक वेळा नुसत्या आरोळ्या आल्या. फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) मी थोर मानतो, पण त्यातल्या कोमांची टोळीची माणसं प्रत्यक्षात नवाहो होती आणि त्यांचा सरदार झालेला हेन्री ब्रँडन बर्लिनमध्ये जन्मलेला. जॉन वेनच्या पात्राचा द्वेष आपल्याला शब्दन् शब्द ऐकवला जातो, समोरच्याचं म्हणणं जेमतेम.

‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ला (२००७) तुमच्या लेखकाने वेस्टर्न मानलं नाही, त्यावर वाद घालत नाही. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, आणि पेट्रोल पंपावर चुरगाळलेला कागद हळूहळू उलगडत चुरचुरतो तेवढ्यानेही घाम फुटतो, एवढंच नोंदवतो.

एक विनंती आहे. पुढची यादी कराल तेव्हा लिओनेचाच ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) तीत घ्यावा. त्यात खिशातल्या घड्याळातून एक सूर वाजतो आणि तो संपला की पिस्तूल काढायचं असं ठरलेलं असतं. शेवटच्या द्वंद्वात तो सूर मंदावत जातो त्याबद्दल तुमच्या लेखकाने चार ओळी जरूर लिहाव्यात. आणि लिहिण्याआधी तो प्रसंग मोबाइलवर न ऐकता बऱ्या स्पीकरवर ऐकावा.

आपला,
एक जुना वाचक, मिरज