स्मरणिकेतली आजी

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा, आपल्या चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेसाठी तुम्ही आजीवर लिहिलेला मजकूर मिळाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुमचं अक्षर रेघ सोडत नाही, याचं कौतुक वाटलं. मजकुराचं तितकंसं नाही वाटलं, रागावू नका. ‘प्रार्थनाशील, सोशिक, मंडळीचा आधारस्तंभ’ हे कुठल्याही आजीबद्दल छापून येतं. आणि सोशिक? आई, तूच सांग, तू तर तिच्या हाताखाली नांदलीस.

पहाटे उठून ती चुलीपुढच्या पोत्यावर गुडघे टेकायची आणि प्रभूशी बोलायला लागायची. तेही हळू नाही, भिंतीपलीकडे गोधडीत मला सगळं ऐकू यायचं. कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा पितो, कुणाच्या मुलीचं जमत नाही, सगळं नावानिशी. त्यात आपल्या मंडळीची घरं कमी आणि गावातली बाकीची जास्त. बांधावरून जिच्याशी वाजलं होतं त्या शेजारणीचं नाव आलं की अडायची. ‘प्रभू, तिला बुद्धी दे. नाही दिलीस तर राहू दे, पण मला तिच्या दारात जायचं बळ दे.’ मग उजाडल्यावर ताकाचा तांब्या घेऊन खरंच जायची. तिथं पुन्हा दोन शब्द व्हायचे, ती गोष्ट वेगळी. बाबा, हे लिहा ना.

१९७२ च्या दुष्काळावर तुम्ही एकच ओळ खर्ची घातलीय, ‘हालअपेष्टा सोसल्या’. तुम्ही स्वतः तेव्हा तिच्याबरोबर रस्त्याच्या कामावर खडी वाहत होतात! सुकडी हातात पडली की ती डोक्यावर पदर घेऊन प्रार्थना करायची, आणि शेजारच्या बायाही तिचं ‘आमेन’ होईपर्यंत घास थांबवायच्या, हे मला तुमच्याच तोंडून कळलंय. रविवारी ती कामावर जायची नाही. रोज बुडतो म्हणून आजोबा चिडले, तर म्हणाली, ‘दुष्काळानंच माझ्या आईला रमाबाईंच्या दारात नेलं. तो मला काय भीती घालणार?’

हे वाक्य नुसतं छापलं तर नव्या पोरांना काही कळणार नाही, म्हणून पणजीबद्दल चार ओळी घाला. १९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली पोर पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आली आणि तिथं लिहा-वाचायला शिकली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून झालं, तेही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून. आजीला अक्षरओळख पणजीनं दिली, शाळेनं नाही. म्हणूनच शास्त्र वाचताना कुणी मधे बोललेलं तिला खपत नसे. पाळक साहेबांनाही तिनं एकदा बोटानं थांबवलेलं मी पाहिलंय.

आता जे तुम्ही मुद्दाम गाळलंय ते. धाकटे काका सर्पदंशानं गेले, त्यानंतर आजी उपासनेला जायची पण गायची नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणजे तिचा जीव. इंग्रजी चालीवरची गाणी लागली की ‘ही लांबण कशाला’ म्हणून कुरकुरणारी बाई ती, आणि तिचे टाळ खुंटीला लटकलेले. पोत्यावर बसायची, पण तोंडातून नाव निघायचं नाही. शास्त्रातलं ८८ वं स्तोत्र तेवढं वाचायची. बाबा, तुम्ही ते उपासनेत कधी वाचायला घेत नाही, कारण बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी आशेवर येतात आणि हे अंधारावरच थांबतं. आजीला तेव्हा तेच लागत होतं. मला ती तिच्या विश्वासाची घसरण वाटत नाही. देवाशी बोलणं तिनं सोडलं नव्हतं, फक्त गोड बोलणं सोडलं होतं.

टाळ पुन्हा हातात घेतले ते तुमच्या लग्नात, हे आईनंच मला सांगितलंय. अंगणात पेटी वाजायला लागली आणि कुणी न सांगता ती उठली. ‘सासूची पहिली ओळख ती झाली,’ असं तू म्हणतेस ना, आई? तेही घाला, तुझ्या शब्दांत. बाबांना लाज वाटत असेल तर तू लिही.

मंडळीत कुणाला आवडणार नाही म्हणून गाळू नका. ज्यांची पोरं गेलीत अशी दोन-तीन घरं आपल्याच गल्लीत आहेत, ती वाचतील.

फोटो स्टुडिओतला नको. चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, दळण निवडतानाचा आहे, तो द्या. आई, चर्चला पायी जाऊ नकोस, रिक्षा सांग. गुडघ्याचं तेल पाठवलंय. मी नाताळच्या आधी येतेच. मजकूर छापायला द्यायच्या आत फोनवर वाचून दाखवा, आणि ‘आधारस्तंभ’ काढला नसेल तर मी ओरडेन.

तुमची,
बेबी