आढी लावण्यापूर्वी

गुहागर,
रविवार, 17 मे 2026

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुझ्या आईने नेहमीप्रमाणे निम्मे बोलणे ऐकून फोन माझ्या हाती दिला आणि ती अंगणात निघून गेली. त्यामुळे "तुम्ही दोघे दिवसभर तिथे करता तरी काय?" हा प्रश्न माझ्या वाट्याला आला. फोनवर मला पटकन उत्तर सुचत नाही हे तुला ठाऊक आहेच, म्हणून सवडीने लिहीत आहे. पावसाच्या आत पुण्यास येऊन राहावे, या तुझ्या आग्रहाचे उत्तरही यातच आहे.

सरलेल्या आठवड्यातील मुख्य काम रातांब्यांचे होते. विहिरीजवळची दोन्ही झाडे यंदा चांगली धरली आहेत. सकाळी पडलेली फळे वेचायची, धुऊन पुसून फोडायची, बिया गरासकट बरणीत मिठात घालायच्या आणि साली अंगणात पसरायच्या; साली वाळल्या की त्या बरणीतल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात घालायच्या. अशी पुटे किती द्यावीत याविषयी आमच्यात मतभेद आहे. माझ्या मते तीन पुरेत, तुझ्या आईच्या मते चारास पर्याय नाही, आणि जो गृहस्थ चौतीस वर्षे नोकरीच्या गावी वाण्याकडून पुडीत बांधलेली आमसुले आणत होता त्याने या विषयात बोलू नये, असेही तिचे मत आहे. त्यावर मला काही म्हणता आले नाही. ती इथे तुझ्या आजीच्या हाताखाली हे सारे शिकली, मी सुट्टीला येऊन तयार बरण्या घेऊन जात असे. आता सत्तरीच्या उंबरठ्यावर मी तिच्या हाताखाली उमेदवारी करतो आहे. दुपारी दोनच्या उन्हात डोक्यावर पंचा टाकून साली उलटणे हे माझे काम. बोटे जांभळी झाली आहेत आणि साबणाने ती निघत नाहीत.

यंदा घाई आहे ती गेल्या वर्षाच्या अनुभवाने. 2025 मध्ये पाऊस 24 मे रोजी केरळात आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत येऊन ठेपला. आपल्या अंगणात तेव्हा दोन पुटे दिलेली आमसुले होती, आणि ती ओटीवर ओढून घेतली तरी चार दिवसांत त्यांना बुरशी आली. तेव्हा वीज गेली, फोन लागेना, आणि तुझा जीव टांगणीला लागला, हे आम्ही विसरलेलो नाही. तुझ्या आईला मात्र त्या आठवड्यातले काय आठवते असे विचारशील, तर ती आमसुलेच सांगेल.

आजपासून अधिक ज्येष्ठ लागला. जावईबापूंना तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे म्हणून तिने गेल्या रविवारीच तांदूळ भिजत घातले होते. तीन दिवस रोज पाणी बदलून, बुधवारी ते निथळून फडक्यावर पसरले, आणि किंचित ओलसर असतानाच कुटून, चाळून, गूळ मिसळून तो गोळा डब्यात मुरत ठेवला. मिक्सर घरात असताना उखळ कशाला, असे मी एकदाच विचारले. आज सकाळी नमुन्यादाखल चार अनारसे तळायला घेतले. खसखशीवर थापणे माझ्याकडे होते, कढईपाशी ती. पहिला अनारसा तुपात पडताच हसला, म्हणजे अक्षरशः फुटून कढईभर पसरला. तिने गॅस बारीक केला, काही न बोलता पिठात मूठभर कोरडी पिठी मळली, आणि दुसरा सोडून झाऱ्याने त्याच्यावर नुसते तूप उडवत राहिली. खसखशीची बाजू वर, उलटायचे नाही. त्याला जाळी पडू लागली तशी तिने माझ्याकडे पाहिले. पहिली मुलगी बोहल्यावर उभी राहिली तेव्हाही तिचा चेहरा इतका समाधानी नव्हता, असे मी म्हणालो, तर हे ताईला लिहू नका म्हणाली. मी लिहिले आहे. हसलेला अनारसा माझ्या वाट्याला आला आणि चवीला तो उत्तम होता.

संध्याकाळी ऊन उतरले की मागच्या बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आम्ही पुळणीवर जातो. भरती-ओहोटी रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे हे फिरणे घड्याळावर बेतता येत नाही. काल अमावास्या होती. दुपारी उधाणाचे पाणी पार सुरूंच्या जवळ आले होते, आणि संध्याकाळी समुद्र इतका मागे गेला की ओल्या, घट्ट वाळूवरून चालताना पाय रुतला नाही. तुझी आई पुढे असते. हल्ली मधूनच ती थांबते आणि शिंपले पाहत असल्यासारखी वाकते. तिला शिंपल्यांची हौस कधीच नव्हती. मी मागे पडलो की ती वाकते, हे माझ्या ध्यानात यायला आठवडा गेला. मला समजले आहे हे मी तिला सांगितलेले नाही, तूही सांगू नकोस. तीन वर्षांपूर्वी उपग्रहाचे यंत्र बसवून इथून सोडलेली बागेश्री नावाची कासवीण पोहत श्रीलंकेपर्यंत गेली होती, आणि आमची मजल व्याडेश्वराच्या देवळापर्यंत.

आता तुझ्या आग्रहाविषयी. या पावसाळ्यात आम्ही इथेच राहावे असे आमचे ठरले आहे. यात हट्ट नाही, आणि तुझ्या काळजीकडे दुर्लक्षही नाही. कौले चाळायला या वर्षी गडी बोलावला. फुटकी सतरा निघाली, ती मी खाली उभा राहून मोजली; शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवला नाही, याला तुझी आई साक्ष आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे. दोघांची औषधे पुढच्या दोन महिन्यांची चिपळूणहून आणून ठेवली, आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झाली, लाकडे पडवीत रचली. फोन लागला नाही तर निरोप कोणाकडे द्यायचा हे शेजारी सांगून ठेवले आहे आणि त्यांचा क्रमांक जावईबापूंना कळवला आहे. पुण्यास आम्ही दिवाळीनंतर येऊ. तुझ्याकडे काही कमी नाही, ताई. फक्त तिथे तुझी आई पाहुणी असते आणि मला तर चहाची भांडीदेखील कोणी विसळू देत नाही. इथे आम्हाला एकमेकांच्या चुका काढण्याइतके काम आहे. नोकरीच्या चौतीस वर्षांत सलग आठ दिवस आम्ही असे एकत्र क्वचितच काढले असतील.

तर तुम्हीच या. छोटीची शाळा 15 जूनला उघडेल आणि अधिक महिनाही त्याच दिवशी संपतो, म्हणून मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात जमले तर उत्तम. वाण दुसऱ्याच्या हाती पाठवणे तुझ्या आईला पसंत नाही. पीठ डब्यात टिकते, बिघडण्याची भीती नाही; तेहतीस अनारसे तुम्ही आल्यावरच तळले जातील. आंब्यांचे मात्र तसे नाही. मागच्या कलमावर शेवटचे चार-पाच डझन राहिले आहेत आणि काठीला जाळी बांधलेल्या घळीने ते काढून पेंढ्यात घातले की खाण्याजोगे व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आधी काढले तर तुम्ही येईतो उतरतील, आणि झाडावर ठेवले तर पहिल्या पावसाला सापडतील. म्हणून येण्याची तारीख निदान दहा दिवस आधी कळव, म्हणजे त्या बेताने आढी लावतो.

जावईबापूंना नमस्कार, छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझे,
बाबा

ता. क. पुटे चार दिली आहेत.