सुतक तुमच्या गावाला होतं

आदरणीय बाई,

इंग्रजीत मी तुम्हाला सरळ नावानं हाक मारायचे, मराठीत लिहायला बसले तर ते जमेना. इंग्रजी करून पाठवेनच. पण आभार आधी माझ्या भाषेत, चार माणसांसमोर मानायचे होते.

भुजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा. अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या आपल्या स्टिलवॉटरला तेव्हा गुरुवारची रात्र होती. माझी रूममेट भुजची. पुढचे दोन दिवस आम्ही कॉलिंग कार्डं घेऊन फोनला चिकटून होतो. लाइन लागेना. शनिवारी रात्री टीव्ही लावला तो गुजरातसाठी, आणि समोर नाव आपल्याच युनिव्हर्सिटीचं. कोलोरॅडोतल्या बोल्डरची मॅच हरून ओक्लाहोमा स्टेटचा बास्केटबॉल संघ तीन छोट्या विमानांनी परत निघाला होता. दोन पोचली. तिसरं डेन्व्हरच्या पूर्वेला, स्ट्रासबर्गजवळच्या माळावर कोसळलं. दहाच्या दहा जण गेले. विमानातला वीजपुरवठा बिघडला आणि वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही, असं पुढे चौकशीत निघालं.

मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या दहांत रेडिओवर मॅचचं वर्णन करणारे बिल टीगिन्स होते, आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी ते काय काय बोलले हे तुमच्याकडून ऐकल्याशिवाय आमचा कुठलाही फॉर्म पुढे सरकायचा नाही! संघाच्या स्टेडियमच्या, गॅलाघर-आयबाच्या दारात फुलांचा ढीग साचला होता. वर्गात कुणी कुणाकडे बघत नव्हतं. अशा गावात आमचं दुःख कुठे काढायचं? आम्ही गप्प बसलो.

सोमवारी मी सही घ्यायला आले. तुम्ही युनिव्हर्सिटीच्या केशरी रंगाच्या फितीचे तुकडे कापत होतात, डोळे सुजलेले. माझ्याकडे बघून पहिला प्रश्न: "तिच्या घरचं काही कळलं का?"

तिला बोलावून घेतलंत. ऑफिसचा फोन पुढ्यात ओढलात. बाहेरच्या लाइनसाठी आधी नऊ, मग ०११-९१-२८३२. लागला नाही की एका हातानं रीडायल, दुसऱ्या हातात कात्री. मधेच कुणी फीत न्यायला यायचं, तुमच्या गळ्यात पडून रडायचं. ते गेलं की पुन्हा रीडायल. मंगळवारी दुपारी तिच्या काकांचा आवाज आला. आई-वडील मैदानात, उघड्यावर, पण जिवंत. आजी गेली होती.

त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात, हातात झाकलेलं भांडं. आत फक्त बटाटे आणि चीज आहे, मांस अजिबात नाही, हे दोनदा सांगितलंत. आमच्याकडे सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. इथे तर तुमच्याच अख्ख्या गावाला सुतक होतं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला शोकसभेला जायचं होतं. तरी बटाटे सोललेत.

महिनाअखेरीला मी फोनच्या बिलाचं विचारायला आले. "कसलं बिल?" म्हणालात आणि समोरच पडलेला स्टेपलर शोधायला लागलात. ते पैसे तुम्ही स्वतः भरलेत, हे मला मे महिन्यात कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

तुमच्या विभागातली जुनी विद्यार्थिनी,
पुणे