काउबॉय पिक्चर म्हणजे ‘हुबेहूब इतिहास’?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉयांच्या पिक्चरांवर लेख आला तो झक्कास होता, आमची पिढी रीगल-स्टर्लिंगला हेच बघत वाढली. पण त्यात ‘त्या काळाचं हुबेहूब चित्रण’ असं जे लिहिलंय ना, ते काय पटलं नाही बुवा.

या पिक्चरांच्या चुका काढायच्या म्हटलं की लोक बंदुकांवरच घसरतात, गोष्ट १८६२ची मग हातात १८७३चं कोल्ट पिस्तूल कसं वगैरे. चालतं हो. जॉन फोर्डच्या ‘द सर्चर्स’ची गोष्ट टेक्सासची पण डोंगर दिसतात ते मॉन्युमेंट व्हॅलीचे, म्हणजे युटा-अ‍ॅरिझोनाच्या हद्दीवरचे, आणि आपल्या शोलेचं रामगढ तरी बंगळुरूजवळच उभं केलं होतं की! त्याने कोणाचं काय बिघडलं?

बिघडतं ते दुसरीकडे. ओके कोरलची (कोरल म्हणजे जनावरांचा गोठा) ती फेमस चकमक घ्या, अ‍ॅरिझोनातलं टूमस्टोन गाव, २६ ऑक्टोबर १८८१. पडद्यावर गोळ्या संपता संपत नाहीत, प्रत्यक्षात साधारण ३० सेकंदांत तीन माणसं मेली आणि खेळ खल्लास, तेही कोरलमध्ये नाही तर जवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर. आणि निमित्त काय, तर गावात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती आणि गावचा पोलीसप्रमुख व्हर्जिल अर्प आणि त्याची मंडळी समोरच्यांची हत्यारं काढून घ्यायला गेली होती! म्हणजे ज्या गावाच्या नावावर कमरेला पिस्तूल लावलेले हिरो एवढी वर्षं विकले, तिथेच बंदीचा नियम होता, आणि हे आपल्याला कोणी धड सांगत नाही.

दुसरं म्हणजे हे काउबॉय सगळे गोरेच कसे? मुळात काम गुरं हाकायचं, टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत, धूळ खात महिनोन्महिने, पगार बेताचा. दोर फेकून जनावर पकडायचं, खोगीर कसं हवं, हे सगळं मेक्सिकन गुराख्यांकडून उचललेलं. आणि काउबॉयांपैकी साधारण चारातला एक काळा असावा असा काही इतिहासकारांचा अंदाज आहे, त्यातले बरेच आधी गुलाम होते. जुन्या पिक्चरात ते कुठे दिसतात? मेक्सिकन दिसला तर एकतर दरोडेखोर नाहीतर दारू पिऊन पडलेला.

पुढच्या लेखात बास रीव्ह्जवर लिहा ना. १८३८ला गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, १८७५पासून इंडियन टेरिटरीत (आजचं ओक्लाहोमा) डेप्युटी मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी, तीसेक वर्षं नोकरी. फोटोपण छापा त्याचा, मिशा बघण्यासारख्या आहेत.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई