रॅडबर्नचा खांदा

संपादक महोदय,

जुन्या बेसबॉल पिचरांच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांच्या, 'लोखंडी हाता'चं कौतुक वाचलं की मला चार्ल्स रॅडबर्नचा खांदा आठवतो. मी बारा वर्षं गोलंदाजी केली. दुखरा खांदा रात्री कुशीवर वळूसुद्धा देत नाही. १८८४च्या जुलैत प्रॉव्हिडन्स ग्रेज या त्याच्या संघातून दुसरा पिचर स्वीनी बाहेर पडला आणि जवळजवळ सगळा भार एकट्या रॅडबर्नवर पडला. हंगामात ६७८ इनिंग्ज, ७३ सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत! केस विंचरायलाही हात वर जात नसे, असं सांगतात. तरी ऑक्टोबरात न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्स संघाविरुद्धच्या मालिकेतले तिन्ही सामने त्यानंच जिंकून दिले. १८९७मध्ये तो गेला, अवघ्या ४२व्या वर्षी. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, नाव लागलं ते १९३९ला. विक्रमांचे आकडे छापताना त्या खांद्यालाही दोन ओळी द्या, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक जुना गोलंदाज