‘जर’च्या बाजूचा सापळा

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. स्पॅनिशच्या वर्गात संकेतार्थ (‘जर-तर’च्या वाक्यांतला ‘असते’चा काळ) सुरू झाला आणि रूपांचा तक्ता पाहून तुझी छाती दडपली, असे लिहितेस. खरे सांगायचे तर रूपे चालवण्यात त्या भाषेत याच्याइतका गरीब काळ क्वचितच सापडेल. वर्तमानकाळात क्रियापदाची शेपटी कापावी लागते. इथे मूळ रूप अखंड ठेवून त्यालाच प्रत्यय जोडायचा. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. त्याची रूपे आब्लारीआ, आब्लारीआस, आब्लारीआ, आब्लारीआमोस, आब्लारीआइस, आब्लारीआन अशी होतात. हेच प्रत्यय ‘कोमेर’ला (खाणे) आणि ‘बिबिर’लाही (जगणे) लागतात. आघात नेहमी ‘ई’वर असतो आणि सहाही रूपांत त्याची खूण लिहावी लागते. (पाचवे रूप स्पेनपुरते; लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’लाही सहावेच चालते.)

हे प्रत्यय म्हणजे ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाच्या ‘आबीआ’ या भूतकाळी रूपाचे झिजलेले अवशेष आहेत. मुळात ‘बोलायचे होते’ असाच काहीसा जोड होता, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये त्या जोडाच्या मधोमध सर्वनामही बसत असे. पहिले आणि तिसरे रूप सारखेच असल्यामुळे ‘मी’ की ‘ती’ हे कधीकधी वेगळे सांगावे लागते. आपल्याकडे मी ‘बोलले असते’ आणि माझा भाऊ ‘बोललो असतो’ म्हणेल. तिथे दोघांनाही ‘आब्लारीआ’च.

खरा सापळा ‘जर’च्या बाजूला आहे. ‘पैसे असते तर घर घेतले असते’ या वाक्यात आपण दोन्हीकडे ‘असते’ वापरतो, म्हणून मीही कित्येक महिने ‘सि तेन्द्रीआ दिनेरो, कोम्प्रारीआ उना कासा’ असेच लिहीत होते आणि दर वेळी ‘तेन्द्रीआ’भोवती बाईंचे लाल वर्तुळ पडत होते. तिथे ‘सि’ म्हणजे ‘जर’नंतर ‘तेनेर’चे (जवळ असणे) वेगळे रूप, ‘सि तुबिएरा’, हवे. संकेतार्थ फक्त ‘तर’च्या बाजूला येतो. (‘तेनेर’चे ‘तेन्द्रीआ’ होणे हा अपवाद आहे, पण अशी डझनभर क्रियापदे तू भविष्यकाळात पाठ केलीच आहेस, प्रत्ययाआधीची अंगे तीच राहतात.) गंमत म्हणजे बास्क प्रदेशात आणि शेजारच्या बुर्गोसकडे जन्मापासून स्पॅनिश बोलणारेसुद्धा सर्रास ‘सि तेन्द्रीआ’ म्हणतात. परीक्षेत मात्र हा दाखला चालत नाही, मी देऊन पाहिला आहे.

आणखी एका ठिकाणी मराठी आपल्याला दगा देते. आपण ‘तो बोलेन म्हणाला’ असे त्याच्याच तोंडचे शब्द ठेवून सांगतो. स्पॅनिशमध्ये ‘दिखो के आब्लारीआ’, म्हणजे तेव्हाच्या दृष्टीने पुढे घडणारे. याच अर्थावरून व्याकरणकार आन्द्रेस बेल्यो यांनी 1847 च्या आपल्या व्याकरणात या काळाला ‘पोस्प्रेतेरितो’, म्हणजे भूतकाळानंतरचा, म्हटले. मेक्सिकोत हे नाव अजून चालते, त्यामुळे तिकडचे पुस्तक हाती आले तर नवा काळ समजून घाबरू नकोस.

पुढच्या पत्रात ‘सि’ने सुरू होणारी दहा वाक्ये लिहून पाठव.

तुझी,
मीरा